उलाळ मोटार

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि माझं इंजिन पाठीत आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट घडलं ते या एका गोष्टीपायी घडलं. तुम्ही पाहिलेल्या बहुतेक मोटारींचं इंजिन पुढं असतं आणि सामान मागं. माझं सगळं उलटं आहे. पुढचं झाकण उघडलं की पेट्रोलची टाकी आणि दोन पेट्या मावतील एवढी जागा दिसते, मागचं उघडलं की इंजिन. मला पाणी लागत नाही, मी वाऱ्यावरच थंड होते. पांढुर्ण्याच्या मे महिन्यात लोकांना याचं फार नवल वाटायचं. पाणी न पिता राबणारं जनावर त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

माझा जन्म बर्फाच्या देशातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. ताज्या रंगाचा वास, आणि माझ्या दारांना रबर बसवताना एक बाई गुणगुणायची ते गाणं, एवढंच काय ते. जहाजातून मी मुंबईला उतरले आणि तिथून नागपूरच्या एका डॉक्टरांकडे आले. डॉक्टर मोठे सभ्य गृहस्थ होते. वीस वर्षं त्यांनी मला घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी नेलं, तेही बैलगाडीनं मागून हॉर्न द्यावा अशा वेगानं. त्यामुळे माझ्या अंगात काय खोड आहे हे त्यांना कधी कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही कळलं नव्हतं. सरळ रस्त्यावर सगळेच सरळ असतात.

मला पांढुर्ण्याच्या भैय्याजींनी घेतलं ते साल ब्याऐंशी. त्या वर्षी संत्र्याचा आंबिया बहार असा आला होता की झाडांना टेकू द्यावे लागले. भैय्याजी माणूस वाईट नव्हता, हे मी आधी सांगते, कारण पुढं तुम्हाला त्यांचा राग येईल. त्यांना टापटीप लागायची. बागेतल्या झाडांच्या रांगा दोरी धरून लावलेल्या, धोतराच्या निऱ्या सारख्या, पेटीतली संत्रीसुद्धा एका मापाची. त्यांच्या घरात कोणी त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे. एकुलती मुलगी विजयमाला तेवढी कधीमधी जायची.

मला चालवायला त्यांनी तिगावच्या कवडूला ठेवलं. तिगाव म्हणजे पांढुर्ण्याजवळचं लहानसं स्टेशन. तिथल्या बौद्ध वस्तीत कवडू आणि त्याची बायको केसरबाई राहायचे. कवडूनं बारा वर्षं भैय्याजींच्या बागेतली संत्री बैलगाडीनं पांढुर्ण्याच्या रेल्वेत पोहोचवली, मग आठ वर्षं त्यांचा ट्रॅक्टर चालवला, आणि छिंदवाड्याला जाऊन मोटारीचं लायसनही काढून आणलं. बोलणं कमी, हात शांत. माझ्यापाशी तो पहिल्यांदा आला तेव्हा इतरांसारखा खिडकीतून डोकावला नाही. त्यानं पुढून माझं बंपर धरलं आणि थोडं वर उचलून पाहिलं. मग मागं जाऊन तसंच केलं. मागून मी तसूभरही हलले नाही.

"हे तं उलाळ गाडी आहे जी, भैय्याजी," तो म्हणाला. "सारं वजन मांगं आहे. पुढं काही ठेवा लागते."

बैलगाडीत माल मागच्या अंगाला जास्त झाला की गाडी उलाळ होते. पुढचा भाग वर उठतो, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं आणि गळ्याचा पट्टा आवळतो. चांगला गाडीवान दोन पोती पुढं सरकवतो आणि मगच बैल हाकतो. पण मोटारीबाबत असं बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. शेजारी उभा असलेला मोटारींचा मिस्त्री हसला.

"अबे कवडू, हे बैलगाडी नोहोय, मोटार होय."

"चाकं तं चारच आहेत ना जी. वजनाले काय मालूम, गाडी बैलाची आहे का पेट्रोलची."

वीस वर्षांत मला जे कोणी सांगितलं नव्हतं ते त्या माणसानं दोन मिनिटांत सांगितलं. त्यानं माझ्या पुढच्या डिक्कीत नदीच्या रेतीची एक बोरी ठेवली, टाकीला टेकू नये म्हणून मध्ये जुनी सतरंजी लावली. पुढच्या चाकांत हवा सोळा पौंड आणि मागच्यांत सव्वीस, असा त्याचा नेम होता. तो त्यानं दहा वेळा गाडी वळवून स्वतःच बसवला होता, कुठं वाचला नव्हता. कापूस वेचणीच्या दिवसांत जिनिंग कारखान्यासमोरून गेलं की कापसाचे तंतू माझ्या मागच्या जाळीत अडकायचे आणि मला धाप लागायची. तो रोज सकाळी जाळी साफ करायचा. इंजिनापाशी पेट्रोलची रबरी नळी आहे, ती बोटांनी दाबून पाहायचा आणि बोटांचा वास घ्यायचा. नळीला चीर गेली तर आग पाठीतच लागणार, आणि चालवणाऱ्याला ती सगळ्यात शेवटी दिसणार, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

ती तीन वर्षं माझी सुखाची होती. पावसाळ्यात बागेच्या चिखलात जीप रुतायच्या आणि मी वर चढून जायची, कारण ओढणाऱ्या चाकांवरच माझं सगळं वजन. लोक म्हणायचे, भैय्याजींची उलटी गाडी घोरपडीसारखी चढते. मला त्याचा गर्व झाला होता. चढाची वाहवा ऐकता ऐकता उताराचा विचार मनात येत नाही.

कवडूच्या मनात मात्र तो नेहमी असायचा. विजयमाला मागच्या सीटवर बसून त्याला प्रश्न विचारायची, कारण ती कॉलेजात विज्ञान शिकत होती आणि तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. एकदा तिनं विचारलं, "कवडूकाका, वळण यायच्या आंधीच तुमी काहून हळू करता? वळणात तं ब्रेकले हातच लावत नाही."

"पायानं लावतो बाई ब्रेक," कवडू म्हणाला. तो एवढी थट्टा क्वचितच करायचा. "उतारात बैल आवराचे तं वळणाच्या आंधी आवराचे. वळणात आवरले का मांगचं ओझं बैलायले ढकलते. हे गाडी बी तशीच आहे. वळणात हिले घाबरवलं का हिचं मांगचं पुढं येते."

माझी यापेक्षा चांगली कुंडली कोणी मांडली नाही. वळणात एकदम ब्रेक दाबला की माझं वजन पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होऊन पोटाखाली दुमडू पाहतात, आणि जड पाठ बाहेर फेकली जाते. पुढं रेती असली, हवा नेमानं असली आणि पाय शांत असला, तर यातलं काही होत नाही.

शहाऐंशीच्या जानेवारीत छिंदवाड्याला भैय्याजींच्या बहिणीकडे वास्तुशांती होती. सौंसर, रामाकोना आणि मग घाट चढून वर, असा तो रस्ता. भैय्याजी आणि विजयमाला निघणार त्या सकाळी संत्र्याच्या दोन पेट्या आल्या.

"ते रेती काढ अन् पेट्या पुढं ठेव," भैय्याजी म्हणाले. "बहिणीच्या घरी काय रेती घेऊन जाऊन राहिलो?"

कवडूनं रेती काढली. पेट्याही जडच होत्या, जाताना काही बिघडलं नाही. सौंसरच्या पंपावर भैय्याजी पाय मोकळे करायला उतरले आणि त्यांची नजर माझ्या चाकांकडे गेली. पुढची दोन जरा बसकी दिसत होती. चार चाकं आणि दोन तऱ्हा, हे त्यांना कसं सोसावं.

"हवा कमी काहून आहे इथं? चारही सारखे पायजेत. चोवीस-चोवीस टाक सगळ्यात."

"भैय्याजी, पुढं सोळाच पायजे जी."

"मले शिकवतं का आता?"

कवडूनं पंपावरच्या माणसाला मान हलवून हो म्हटलं. सगळ्या चाकांत चोवीस पौंड हवा गेली.

परत निघताना बहिणीनं दोन पोती गहू दिला. पुढची डिक्की आता रिकामी होती, आणि कवडूनं एक पोतं खांद्यावर घेऊन तिकडंच पाऊल टाकलं होतं.

"तिथं नको," भैय्याजी म्हणाले. "टाकी आहे तिथं. गव्हाले पेट्रोलचा वास लागन. पोरीजवळ ठेव मांगं."

संत्र्यांचं सालीमुळे निभावलं होतं, पण गव्हाला वास लागला असता हेही खोटं नव्हतं. आमच्याकडे अन्नाला वास लागणं म्हणजे लहान गोष्ट नाही. कवडूनं पाऊल मागं घेतलं आणि दोन्ही पोती मागच्या सीटवर विजयमालाच्या शेजारी ठेवली. मी इतकी उलाळ आयुष्यात कधी झाले नव्हते. माझी पुढची चाकं जमिनीची नुसती विचारपूस करत होती.

घाट उतरताना दुपार होती. कवडू प्रत्येक वळणाआधी वेग कमी करत होता, एरवीपेक्षाही जास्त. रामाकोन्याकडच्या शेवटच्या मोठ्या वळणात मी शिरले तेव्हा खालून एक लाकडांचा ट्रक वर येत होता. जागा दोघांना पुरेशी होती. कवडूनं ते पाहिलं होतं आणि त्याचा पाय जागच्या जागी होता. पण शेजारी बसलेल्या भैय्याजींना फक्त ट्रक दिसला.

"ब्रेक मार," ते ओरडले. "कवडू, ब्रेक मार."

मित्रांनो, त्याला सगळं माहीत होतं. पण तेवीस वर्षं ज्या आवाजाला त्यानं हो जी म्हटलं होतं, तो आवाज त्याच्या डोक्यापर्यंत जायच्या आधी पायापर्यंत गेला. त्याचा पाय ब्रेकवर पडला. माझी पाठ बाहेर सुटली, मी रस्त्यावर गर्रकन फिरले आणि कडेच्या दगडांवर पाठीनं आपटले. ट्रक बाजूनं निघून पुढं थांबला. भैय्याजींना खरचटलं, कवडूच्या कपाळाला खोक पडली, आणि गव्हाच्या पोत्याखाली सापडून विजयमालाचा पाय मोडला. ट्रकवाल्यांनीच त्यांना सौंसरला पोहोचवलं.

पांढुर्ण्यात परत आल्यावर जो भेटेल त्याला भैय्याजी सांगत, "कवडूनं घाटात गाडी फिरवली." एवढंच ते म्हणायचे. पण वाक्य एकदा बाजारात गेलं की त्याला पाय फुटतात. आठवड्यात कवडूला डुलकी लागली होती असं झालं, महिन्यात तो प्यायला होता असं झालं. त्यानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. वड्याचं तेल वांग्यावर कसं निघतं ते मी मिस्त्रीच्या आवारात उभी राहून ऐकत होते, आणि मला बोलता येत नव्हतं.

कवडू तिथं एकदाच आला. त्याला कामावरून काढलेलं होतं. त्यानं माझी काच पुसली, मग दगडावर बसून राहिला. "मले मालूम होतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तरी पाय गेला." मला वाईट वाटलं, मित्रांनो. खोड माझ्या अंगातली होती आणि शरम तो उचलत होता.

त्याचं सगळ्यात मोठं नुकसान नोकरीचं नव्हतं. तिगावात दर वर्षी चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक निघते. सजवलेल्या ट्रॅक्टरवर तसबीर असते, पुढंमागं सगळी वस्ती, लेकरं अगदी चाकांजवळून चालतात. तो ट्रॅक्टर सात वर्षं कवडू चालवत होता, कारण त्याच्या पायावर आयांचा भरवसा होता. त्या वर्षी जयंती समितीचे मोरेश्वरभाऊ त्याच्या दारात येऊन म्हणाले की यावेळी दुसरा कोणी चालवेल, लोक घाबरताहेत. कवडूनं मान हलवली. केसरबाई मात्र त्या दिवसापासून विहिरीवर सगळ्यात शेवटी जाऊ लागली, बाकीच्या बाया गेल्यावर.

मार्च लागला तेव्हा मला ठाकठीक करून भैय्याजींच्या अंगणात आणलं. ओसरीवर विजयमालाची खाट होती. पाय प्लास्टरमध्ये, आणि दिवसभर विचार करायला वेळ. एका सकाळी ती वडिलांना म्हणाली, "बाबूजी, ब्रेक मार असं तुमी म्हणलं होतं."

"मी? मी कायले म्हणीन?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. आपली चूक माणूस इतक्या चटकन विसरतो की तेवढ्यात चहाही निवत नाही.

"मी मांगं होती," विजयमाला म्हणाली. "मी आयकलं. अन् कवडूकाका वळणात ब्रेक मारत नाही, हे मले तीन वर्षांपासून मालूम आहे."

भैय्याजी उठून बागेत गेले. पण प्लास्टर निघाल्यावर ती काठी टेकत तिगावला गेली आणि कवडूला घेऊनच आली. मला मोटार शिकायची आहे आणि शिकवील तर कवडूकाकाच, असं तिनं घरात सांगितलं. भैय्याजींनी फार विरोध केला नाही. रात्री त्यांना झोप लागत नसे, हे खिडकीच्या उजेडावरून मला दिसत होतं.

कपाशीची पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं एक मोठं वावर होतं, जमीन वाळून टणक, वर धुळीचा थर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथं मला नेलं. भैय्याजीही आले होते. विजयमाला म्हणाली, "आंधी तुमी चालवा बाबूजी."

भैय्याजींना थोडंफार चालवता यायचं. ते स्टिअरिंगवर बसले, कवडू शेजारी. चाकांत चोवीस-चोवीस हवा तशीच होती, पुढची डिक्की रिकामी, मागं कवडूनं दोन पोती माती ठेवली होती. भैय्याजींनी मला ट्रॅक्टरच्या दुप्पट वेगानं वर्तुळात फिरवलं. मग कवडू शांतपणे म्हणाला, "आता ब्रेक मारा, भैय्याजी."

त्यांनी ब्रेक दाबला. माझी पाठ धुळीतून पुढं आली आणि आम्ही जिकडून आलो होतो तिकडं तोंड करून थांबलो. भैय्याजींचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. धूळ बसली. "एकडाव अजून," तेच म्हणाले. पुन्हा तसंच झालं.

मग कवडूनं पोती उचलून पुढं ठेवली, पुढच्या चाकांतली थोडी हवा सोडली आणि म्हणाला, "आता वळणाच्या आंधी हळू करा. वळणात पाय हलवू नका." मी त्या वर्तुळात रुळावर असल्यासारखी फिरले. भैय्याजींनी मला थांबवलं आणि इंजिन बंद केलं.

"चूक माही होती, कवडू," ते म्हणाले.

कवडू खाली उतरला होता. त्यानं दार हळूच लावलं. तेवीस वर्षांत तो भैय्याजींना असं कधी बोलला नव्हता.

"मले सांगून काय फायदा जी, भैय्याजी. मले तं मालूमच होतं. तिगावले सांगा."

भैय्याजींचा चेहरा उतरला. वावरात कबूल करणं आणि वस्तीत कबूल करणं यात फार अंतर असतं. त्या वस्तीत त्यांनी आयुष्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. माणसं तिथून त्यांच्याकडे कामाला यायची, ते कधी तिकडं गेले नव्हते. विजयमाला बांधावर काठी धरून उभी होती. ती तिथून हलली नाही.

"बस," भैय्याजी शेवटी म्हणाले. "तूच चालव."

आम्ही तिगावला पोहोचलो तेव्हा विहारासमोर माणसं दोऱ्यांवर निळ्या पताका बांधत होती. मला पाहून हात थांबले. भैय्याजी उतरले, एक हात माझ्या दारावर ठेवूनच उभे राहिले. 

"घाटात गाडी फिरली ते कवडूच्या चुकीनं नाही," ते म्हणाले. "पुढची रेती मी काढायले लावली. चाकात हवा मी भरायले लावली. गव्हाचे पोते मी मांगं ठेवले. अन् वळणावर ब्रेक मार म्हणून मीच ओरडलो. तो झोपला नव्हता, पेला बी नव्हता. चूक माही होती."

एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला. भैय्याजींना वाटलं झालं, आणि ते गाडीत बसायला वळले. तेवढ्यात आपल्या दारात उभी असलेली केसरबाई डोक्यावरचा पदर नीट करून पुढं आली.

"भैय्याजी, जरासाक थांबा," ती म्हणाली. "समितीचे मोरेश्वरभाऊ आत्ताच आले. त्यायनं आयकलं नाही. एकडाव पुन्हा सांगा जी."

कवडूनं मान खाली घातली. मला वाटलं आता भैय्याजी चिडणार. त्यांनी केसरबाईकडे पाहिलं. मग मोरेश्वरभाऊंकडे वळले आणि रेतीच्या बोरीपासून सगळं पुन्हा सांगितलं. यावेळी त्यांचा हात माझ्या दारावर नव्हता.

चौदा तारखेला ट्रॅक्टर कवडूनंच चालवला. मी ते पाहिलं नाही, मी पांढुर्ण्यात अंगणात उभी होते. पण दुसऱ्या दिवशी तो जाळी साफ करायला आला तेव्हा त्याच्या कानामागं निळा गुलाल होता. केसरबाई पुन्हा सगळ्यांबरोबर विहिरीवर जाते, हे त्यानं विजयमालाला सांगितलं.

आता मी थकले आहे. घाटात मला कोणी नेत नाही, आणि ते बरंच आहे. माझ्यासारखी एखादी म्हातारी मोटार तुमच्या वाट्याला आली तर तिला हसू नका. तिच्या पुढं वजन ठेवा, पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा वेगळी ठेवा, रबरी नळीचा वास घ्या, आणि वळणाच्या आधीच हळू व्हा. आणि मित्रांनो, ज्याच्या हातात चाक आहे त्याला वळणावर हुकूम करू नका. केलाच, आणि काही वाईट घडलंच, तर त्याच्या गावाला जाऊन तसं सांगा. त्याची बायको म्हणेल तितक्या वेळा सांगा.